बिंगो आणि आक्काचा नियम

हे सगळं २०२१ सालातलं. जानेवारीत सुरू झालं आणि दिवाळीच्या आधी संपलं. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते आणि माझी थोरली बहीण चंदना, आमची आक्का, शहात्तरची.

आक्का इंग्लंडात लेस्टरला राहायची. धनपालभावजींबरोबर १९७२ साली गेली आणि तिथलीच झाली. होजिअरीच्या कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं मोजे शिवले. इंग्रजी शिकली, मोटार चालवायला शिकली, पण तिची मराठी कुरुंदवाड सोडलं त्या दिवशी जशी होती तशीच राहिली. इथं माझी नातवंडं तिच्याशी फोनवर बोलली की तोंडावर हात धरून हसायची.

भावजी २०१८ मध्ये गेले. त्यानंतर तिला घराबाहेर काढलं ते मॉरीननं. मॉरीन कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर होती आणि आता दोन घरं सोडून राहायची. ती मंगळवारी आणि शुक्रवारी बिंगोच्या हॉलला जायची. बिंगो म्हणजे आपला तंबोलाच. मॉरीनचे हात थरथरायचे, आकडा पुकारला की तिकिटावर खूण करेपर्यंत पुढचा यायचा. म्हणून आक्का शेजारी बसून तिच्या तिकिटावर खुणा करायची. तिकीट मॉरीनचं, पैसे मॉरीनचे. आक्का स्वतः एकही तिकीट घ्यायची नाही, कारण तिचा नियम होता.

तो नियम आम्ही दोघींनी मिळून घेतला होता. १९५९ साली, कुरुंदवाडच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात. आमच्या आप्पांना पत्त्यांचा नाद होता. आईला माहेरहून मिळालेला तांब्याचा हंडा एका संध्याकाळी घरातून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई आम्हा दोघींना घेऊन बस्तीत गेली. तिथं एका मुनिमहाराजांचा चातुर्मास चालू होता. मी नऊ वर्षांची आणि आक्का चौदाची. हात जोडून आम्ही म्हटलं की पैसे लावून कुठलाही खेळ आम्ही आयुष्यात खेळणार नाही. आप्पांना आई सांगू शकत नव्हती, म्हणून तिनं आम्हाला बांधून घेतलं.

कोरोना आला आणि बिंगोचे हॉल बंद झाले. मॉरीनला त्याच वर्षी हिवाळ्यात फुप्फुसाचा त्रास सुरू झाला. आक्का तिच्या दारात सूप ठेवून खिडकीतून हात हलवायची, एवढंच.

जानेवारीत एके दिवशी दुपारी आक्काचा व्हिडिओ फोन आला.

"राजमती, तू छापखान्यात बारीक अक्षरं वाचत हुतीस न्हवं? माझं एक काम हाय तुझ्याकडं."

"बोल की."

"बिंगोची साईट निवडायची हाय. मोबाईलवर खेळत्यात आता समदी. मॉरीनच्या नातीनं तिला एकीवर घातलंय. दुपारी दोन वाजता खोली उघडती म्हणं. खोली म्हंजे खरी न्हवं, फोनमधली. आकडं पुकारणारी बाई नावानं बोलती, बाकीची म्हातारी लिवत्यात एकमेकांस्नी. मॉरीन म्हंती, ये की बस माझ्याजवळ."

"मग बस."

"तिथं नुसतं बसता येत न्हाय गं. आपल्या नावानं खातं काढायचं, धा पौंड घालायचं. म्हणून म्हंते, तू बघ. नियम मोडत आसंल तर दुसरी कुठली बघ."

मी शाहूपुरीतल्या एका छापखान्यात बत्तीस वर्षं प्रुफं वाचली. लग्नपत्रिका, गुळाच्या अडत दुकानांची कॅलेंडरं, पतसंस्थांचे अहवाल. गणपतीच्या दिवसांत तंबोल्याची तिकिटंसुद्धा. आकडा चुकला की मंडपात भांडण व्हायचं, म्हणून ती तपासायला मालक माझ्याशिवाय कुणाला द्यायचे नाहीत. तेव्हा आक्कानं हे काम मला सांगितलं याचा, खरं सांगायचं तर, मला अभिमान वाटला.

त्या ब्रिटिश साईट आपल्याकडून उघडत नव्हत्या. आक्काच्या मुलानं, जिनेशनं, तीन साईटच्या नियम-अटींचे फोटो काढून पाठवले. माझी सून सोनल ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून घेऊन आली. चौसष्ट पानं झाली.

"आई, दुकानदार विचारत होता, कुठल्या कोर्टातली केस आहे म्हणून," सोनल म्हणाली. "आमच्या भिशीत दहा रुपयांचा तंबोला असतो, त्याला तुम्ही नाक मुरडता. आणि आता बघा!"

"मी खेळत नाहीये. वाचतेय."

"आप्पाही असंच म्हणत असतील, नुसता बघायला बसतो म्हणून," ती हसत म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

मी लाल पेन्सिल काढली आणि तीन दिवस वाचत बसले. जिनेशनं फोनवर सांगितलं होतं, "मावशी, आधी परवाना बघायचा. पानाच्या तळाला नंबर असतो. तो सरकारी यादीत त्याच कंपनीच्या नावावर आहे का, ते मी तपासतो." पहिल्या साईटचा परवाना कुठल्याशा बेटावरचा निघाला. ती गेली. दुसरीचा बरोबर होता, आणि तिच्यात रोज एक फुकटची खोली होती. पैसे न घालता खेळायचं, बक्षीस नावापुरतं. तिसरी म्हणजे मॉरीनची. तिचाही परवाना बरोबर. आठवड्याला किती घालायचे त्याची मर्यादा आपली आपण बांधता येत होती, नको वाटलं तर खातं बंद करून घेता येत होतं, जिंकलेले पैसे दोन दिवसांत मिळत होते. दहा पौंडांवर आणखी तीस देतो म्हणत होते, पण ते हाती यायला किती वेळा खेळावं लागतं ते सतराव्या पानावर बारीक अक्षरांत होतं. ते तीस नाकारायचीही सोय होती. प्रामाणिकपणे बघितलं तर तिघींत तीच चांगली होती. तिकीट पाच पेन्सचं.

तरी मी तिच्या पहिल्या पानावर लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'नियमभंग'.

आक्काला फोन केला. दुसरी घे म्हटलं.

"त्या दुसरीत मॉरीन न्हाय की गं."

"मॉरीनला इकडं बोलव."

"तिला आता नवं काय जमंना झालंय. नळी लावून बसती नाकाला. त्या खोलीत तिची हॉलमधली समदी हायत." मग हळूच म्हणाली, "धा पौंड घालायचं, आन् जिंकलं तर बस्तीला पाठवायचं. मग चालंल का?"

"आक्का, नियम जिंकण्याचा नव्हता. लावण्याचा होता. महाराजांपुढं हात जोडले होते आपण. मला शब्द न् शब्द आठवतोय."

"व्हय. तुझी आठवण पयल्यापासनं चांगली," आक्का म्हणाली. "तू न्हाय म्हंतीस तर न्हाय."

तिनं दुसऱ्या साईटवर खातं काढलं. मी दर आठवड्याला विचारायची, कशी आहे साईट? ती म्हणायची, चांगली हाय. फेब्रुवारीत जिनेशकडून कळलं की ती एकदाच खेळली होती. फुकटच्या खोलीत कुणी बोलत नसे. आकडा आला की यंत्रच तिकिटावर खूण करायचं. आक्का नुसती बघत बसली, खुणा करायलाही तिचे हात लागले नाहीत.

मॉरीन मार्चमध्ये हॉस्पिटलात गेली आणि तिथंच वारली. कुणाला भेटू देत नव्हते. शेवटचे पंधरा दिवस नातीनं दिलेला टॅब तिच्या पांघरुणावर असायचा आणि दोन वाजता ती खोलीत जायची. हे त्या नातीनं आक्काला कुंपणापलीकडून सांगितलं. मॉरीनला खेळणं होत नव्हतं, पण थरथरत्या बोटानं ती रोज एक ओळ लिहायची, "चंदना आली का?" आकडे पुकारणारी बाई रोज उत्तर द्यायची, "अजून नाही, मॉरीन."

आक्कानं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. दूध उतू गेलं म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं आणि विचारलं, "तुमच्यात कोरोना कसा हाय?"

मला उन्हाळाभर जेवण गोड लागलं नाही. आपण नियम राखला, असं मी स्वतःला समजावत होते. तरी दुपारी दोन वाजले की घड्याळाकडं लक्ष जायचं. तिकडं तेव्हा सकाळ असायची, हे माहीत असूनही.

ऑक्टोबरात देवळं उघडली. शाहूपुरीजवळच्या बस्तीत एक आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, चातुर्मासाला होत्या. मी त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, माझ्याकडून एका माणसाचं मन दुखावलंय, मला प्रायश्चित्त द्या. त्यांनी विचारलं, जेवणात काय सर्वांत आवडतं? मी म्हटलं, गूळ. जन्म गुळाच्या पेठेत गेलाय माझा, सकाळची पोळीसुद्धा मला गुळाशिवाय जात नाही.

"मग वर्षभर गूळ सोडा," त्या म्हणाल्या. आणि नियम देताना विचारतात तसं सहज विचारलं, "सूट काय ठेवता?"

मी हात जोडलेले होते, ते तसेच राहिले.

कुरुंदवाडची बस्ती मला समोर दिसली. थंडगार फरशी, आईच्या लुगड्याचा काठ. महाराजांनीही हेच विचारलं होतं, मुलींसाठी सूट काय ठेवता? आणि आई कुठलाही नियम घेताना जे म्हणायची तेच सवयीनं म्हणून गेली होती, "परगाव आणि आजारपण सोडून, महाराज." महाराज हसले होते. "बाई, पत्त्यांच्या नियमाला आजारपणाची सूट कशाला?" आई वरमली होती. तेव्हा ते म्हणाले होते, "असू दे. तोंडातून गेलं ते राहू दे. कधी कशाला लागेल सांगता येत नाही."

परगाव आणि आजारपण. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातली गळालेली ओळ शोधली. या मजकुरातली एकच ओळ गळाली होती आणि ती माझ्या डोळ्यांखालून गेली.

घरी आले आणि चपला न काढता आक्काला फोन लावला. सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"आक्का, तू परगावी होतीस, मॉरीन आजारी. तुला सूट होती गं. तू जायला हवी होतीस."

"मला ठावं हुतं," आक्का म्हणाली.

"काय?"

"मी चौदा वर्षांची हुते की. तू लहान. महाराज हसल्यालं माझ्या ध्यानात हाय."

"मग बोलली का नाहीस? मी नाही म्हटलं तेव्हा सांगायचं होतंस!"

"दोघींनी मिळून घेतल्याला नियम," ती म्हणाली. "मी वाट बघत हुते, तुला आठवंल म्हणून. तू म्हणालीस शब्द न् शब्द आठवतोय, मग मी काय बोलू? एकटीनं सूट घेतली आसती तर ती चोरी झाली आसती की गं."

मी रडायला लागले तशी ती म्हणाली, "गप. फोनचं बिल चढतंय," आणि मग तिची तीच हसली, कारण व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे तिलाच मी किती वेळा सांगितलं होतं.

मॉरीनला लेस्टरमध्ये तिच्या नवऱ्याशेजारी पुरलं आहे. तिची नात दर नाताळात जिनेशच्या घरी केक पाठवते. हॉल पुन्हा उघडला, पण आक्का तिकडं गेली नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. जिनेशनं तिचा फोन उघडला तेव्हा त्यात मॉरीनची साईट होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये, आम्ही बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिनं खातं काढलं होतं आणि दहा पौंड घातले होते. तिकीट एकही घेतलं नव्हतं. दुपारी दोनच्या खोलीत एकच ओळ लिहिलेली होती, "मॉरीन, मी आले." जिनेशनं ते खातं बंद केलं आणि दहा पौंड कुरुंदवाडच्या बस्तीला पाठवले.

सोनलची भिशी चालू आहे. तंबोला आमच्या घरी असला की आकडे पुकारायला ती मला बसवते. मी पुकारते, सावकाश, ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी थांबून.

माताजींनी गूळ वर्षभर सोडायला सांगितला होता. मी तो कायमचा सोडला, आणि सूट कसलीच ठेवली नाही.