लाल टबाची पाच भोकं

ऐका तर मित्रांनो! मधे कुणी बोलू नका, माझा धागा तुटतो.

मी एक जुना लाल टब आहे. जाड, ढबू, दोन माणसं आत बसतील एवढा. तुटक्या बादल्या आणि फाटक्या चपला वितळवून मला बनवलं, त्यामुळे कुळाचं विचारू नका! कोरियातल्या बुसान शहराच्या डोंगरउतारावर एकाच्या गच्चीला लागून दुसऱ्याचं दार असतं ना, तिथे ओकबुनबाईंच्या गच्चीवर मी राहतो.

आणि मान? नोव्हेंबरात गल्लीतल्या सगळ्या बायका मिळून हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतात. त्यासाठी लांब कोबीचे साठ गड्डे रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरायला लागतात, आणि ते मुरायचे कुठे? माझ्यात! एकवीस वर्षं! थेंबभर पाणी कधी गळू दिलं नाही मी. बाकीचे अकरा महिने मात्र पालथा पडून असायचो. मांजर पाठीवर झोपायचं.

मग गेल्या वर्षी काय झालं, ओकबुनबाईंची थोरली बहीण वारली. ती गावाहून दरवर्षी वेलावरच्या घेवड्याच्या बिया पाठवायची, पांढऱ्यावर लाल ठिपके असलेल्या. गावात आता कुणीच तो घेवडा लावत नाही. बाईंनी डबा उपडा केला, तर सातच बिया!

"या गेल्या तर संपलंच," त्या म्हणाल्या आणि मला सरळ करून माती भरली. गच्चीवर तेवढं खोल भांडं दुसरं नव्हतंच.

शेजारची मलसून भिंतीवरून वाकली. "ताई, किमचीच्या टबात चिखल? सासूबाई स्वर्गातून बघतायत हं!"

"बघू देत. खाली येऊन पाणी तरी घालतील."

"भोकं तरी पाडा तळाला."

"आणि नोव्हेंबरात कोबी तुझ्या डोक्यावर मुरवू?"

भोकं पाडायची राहिलीच. मी खूश! सहा बिया उगवल्या. बाईंनी कपडे वाळत घालायच्या खांबाला सुतळ्या बांधल्या आणि वेल सुटले की हो वर! रोज वीतभर! माझ्या अंगातून कुणीतरी आभाळाकडे चाललंय, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी म्हणजे मिठाचा, थंडीचा आणि झाकणाचा माणूस!

जूनच्या शेवटी पावसाळा लागला. दहा दिवस धो धो. मी आपला इमानी, एक थेंब बाहेर सोडत नव्हतो. आणि तिथेच घात झाला. पाणी आत साचलं, मुळं कुजायला लागली. मला आतून कळत होतं, पण सांगणार कसं? पानं पिवळी पडली. एक वेल गेला, मग दुसरा, मग एकदम दोन. बाई वाटीने पाणी उपसत होत्या, वरून आभाळ ओतत होतं. मला तिरकं करायला गेल्या, तर मी हलेना, एवढा चिखल!

"ताई," मलसून आता हसत नव्हती. "टब ठेवा, नाहीतर घेवडा ठेवा. दोन्ही नाही जमायचं."

बाई माझ्या काठावर हात ठेवून कितीतरी वेळ भिजत उभ्या राहिल्या. मग घरात गेल्या, गॅसवर पेचकस लाल होईपर्यंत तापवला आणि माझ्या बुडाशी, बाजूने, पाच भोकं पाडली. चर्रर्र! दुखलं, खोटं कशाला सांगू? त्याहून जास्त लाज वाटली. काळं पाणी भळाभळा गच्चीवर वाहिलं आणि मला वाटलं, संपलो मी.

पण दोन वेल वाचले! ऑक्टोबरात वाळल्या शेंगा फोडल्या, तर दोन ओंजळी बिया! त्यातल्या मूठभर भातात शिजल्या.

"काय ताई, घेवड्याचा भात? तुरुंगात कैद्यांना देतात तसा?" मलसून म्हणाली.

"मग पळू नकोस. शिक्षा पुरी कर, अजून एक वाटी घे."

तिने तीन घेतल्या.

नोव्हेंबरात कोबी मुरला तो मलसूनच्या हिरव्या टबात. मी कोपऱ्यात तोंड लपवून होतो. पण मुरलेला कोबी धुतला की निथळायला ठेवावा लागतो ना? दरवर्षी त्यासाठी टोपल्या कमी पडायच्या. बाईंनी मला घासूनपुसून विटांवर ठेवलं आणि साठच्या साठ गड्डे माझ्यात रचले. पाणी पाचही भोकांतून असं सुटलं म्हणता! मलसून म्हणाली, "हा तर आधीपेक्षा कामाचा झाला!" मित्रांनो, तुमच्याकडे कुणी असा भोक पडलेला असेल ना, तर फेकण्याआधी एकदा विटांवर ठेवून बघा.

आता पुन्हा मे आलाय. ओकबुनबाईंना एकच धास्ती आहे. एक मोठं वादळ आलं, ही एकच गच्ची झोडपली, तर बहिणीचा घेवडा कायमचा जाईल. म्हणून आज सकाळी त्यांनी दहा बिया मलसूनच्या हातावर ठेवल्या.

"दुसऱ्या गच्चीवर हव्यात गं या. पण आधी भोकं पाड."

मलसूनकडे मोठं भांडं एकच, तो हिरवा टब. गल्लीत न गळणारा टबही आता तेवढाच. त्याला भोकं पडली, तर नोव्हेंबरात साठ गड्डे मुरायचे कुठे? सगळ्या गल्लीचा हिवाळा त्यावर. आणि नाही पाडली, तर पावसात काय होतं ते तिने बघितलंय.

गॅसवर पेचकस तापतोय. एका मुठीत बिया घट्ट धरून ती टबाकडे बघतेय आणि तो हिरवा बिचारा अंग चोरून माझ्याकडे.

सांगा ना, तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतंत?