त्रेसष्ट सह्या

हायकोर्टात त्या सोमवारी लोक चतुराबाईंना हसले. कोर्टात हसावं तेवढंच, तोंडावर हात ठेवून, पण हसले. सरकारी वकिलानं एक कागद वर धरला आणि न्यायमूर्तींना सांगितलं, की याचिकाकर्ते ज्या बसथांब्यासाठी भांडतायत, तो हलवायला त्यांच्याच गल्लीतल्या त्रेसष्ट महिलांनी लेखी संमती दिलेली आहे, आणि त्यातली पहिली सही खुद्द याचिकाकर्त्यांच्या पत्नीची आहे. मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसलेल्या चतुराबाईंचं इंग्रजी यथातथाच होतं, पण त्यांना आपलं नाव ऐकू आलं. एकनाथरावांनी कुजबुजत विचारलं, "तू कधी सही केलीस?"

हा थांबा आहे सुलतान बाजारात, कापडाच्या दुकानांमागची गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथं. वर पत्रा, खाली तिघांचं बाकडं आणि त्यावर कायम पाचजण. एकनाथराव बेगम बाजारात मसाल्याच्या घाऊक पेढीवर तीस वर्षं होते. दहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. पहिली दोन वर्षं माणूस घरात नुसता बसून होता. मग मलकपेटच्या एका अंधशाळेनं मुलांना तोंडी गणित शिकवायला बोलावलं, आणि पावकी-निमकीचे पाढे दक्खनी हिंदीतून शिकवता शिकवता हा गृहस्थ पुन्हा माणसांत आला. आठवड्यातले पाच दिवस ते एकटे जात. दारापासून थांब्यापर्यंत एकशे बारा पावलं. वाटेत गटाराचं एक झाकण पायाखाली वाजतं, ते वाजलं की वीस उरली. थांब्यावर गजरे विकणारी अंजम्मा बसचा नंबर सांगते आणि कंडक्टर पायरीवरून हात देतो. या आठ वर्षांत त्यांना पोचवायला कुणाला जावं लागलं नव्हतं.

मग थांब्यासमोर साड्यांचं सहा मजली दुकान उभं राहिलं. एवढ्या मोठ्या दुकानाला गाड्या लावायला हातभरसुद्धा जागा नव्हती. आणि काय योगायोग, महिन्याभरात वाहतूक खात्याला साक्षात्कार झाला की या थांब्यामुळे रस्ता तुंबतो. तुंबत होताच तो, पण दुकानात शिरायला वळणाऱ्या गाड्यांनी तुंबत होता, हे गल्लीतल्या कुणालाही दिसत होतं. एकनाथरावांनासुद्धा, नुसत्या हॉर्नवरून. खात्यानं थांबा चौकापलीकडे, मेट्रोच्या खांबांच्याही पुढे, पाऊण किलोमीटरवर न्यायचं ठरवलं. तिथं जायचं तर लॉऱ्यांचा रस्ता ओलांडावा लागतो. डोळस माणूसही तो जीव मुठीत धरून ओलांडतो. म्हणजे एकनाथरावांचं एकट्यानं जाणं संपलं, एवढा सरळ त्याचा अर्थ होता.

चतुराबाई आधी धावल्या त्या नगरसेवक प्रतापरावांकडे. आपला माणूस म्हणून. प्रतापरावांचं मूळ गाव देगलूरकडचं, बाईंच्या माहेरापासून दोन कोसांवर. निवडणुकीत ते दारोदार मराठीत बोलत फिरले होते, आणि परमुलखात आपली भाषा ऐकली की आपली माणसं कशी विरघळतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "वहिनी, मी असेपर्यंत थांब्याला कुणी हात लावून दाखवावा," असं ते छातीवर हात ठेवून म्हणाले. साड्यांच्या दुकानात त्यांच्या मेहुण्याची भागीदारी आहे, हे मात्र ते म्हणाले नाहीत. एकनाथरावांना आवाजावरून माणूस कळतो. त्यांनी डिसेंबरातच गल्लीतल्या निशिगंधाकडून हायकोर्टात याचिका टाकली. निशिगंधा तिशीतली वकील, या घरात लहानपणी पाढे शिकलेली.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. देवळाच्या सभागृहातला हा कार्यक्रम बावीस वर्षं चतुराबाईंच्या हातात होता, आणि त्यात त्यांची एक शिस्त होती: वाण घेतलं की सही. एका वर्षी कुणीतरी तीनदा रांगेत उभं राहून तीन वाट्या नेल्या, तेव्हापासून. यंदा प्रतापरावांनी वाण आपल्यातर्फे दिलं, स्टीलचे डबे, प्रत्येक झाकणावर त्यांचा हसरा फोटो. त्यांच्या कार्यकर्त्यानं सह्यांसाठी छापील कागदही आणले. नाव, घर नंबर, फोन, सही, असे रकाने आखलेले आणि वर चार ओळी तेलुगूत. चतुराबाई तेलुगू फाडफाड बोलतात, पण शाळा मराठी झाली, अक्षरं कधी शिकल्याच नाहीत. "ये उप्पर क्या लिखे?" त्यांनी विचारलं. "हाजरी का कागज है अम्मा, फंक्शन का नाम लिखे," कार्यकर्ता म्हणाला. वहीऐवजी छापील कागद पाहून बाईंना बरंच वाटलं, खोटं कशाला सांगा. त्यांनी सगळ्यांना वळण लागावं म्हणून पहिली सही स्वतः ठोकली.

त्या चार ओळी निशिगंधानं सोमवारी कोर्टाच्या पायरीवर वाचून दाखवल्या. परिसरातील रहिवासी महिलांची सभा झाली. बसथांब्यामुळे महिलांना त्रास होतो. थांबा हलवावा, असं एकमतानं ठरलं. खाली सह्या.

"काकू, उत्तर द्यायला तीन आठवडे मिळालेत," निशिगंधा म्हणाली. "हा कागद खोटा पडला नाही तर याचिका फेटाळली जाईल. मग थांबा गेला."

चतुराबाई घरी गेल्याच नाहीत. नवऱ्याला निशिगंधाबरोबर पाठवून त्या तडक प्रतापरावांच्या कचेरीत शिरल्या. संताप इतका होता की चप्पल दारात काढायचीही राहिली.

"अहो वहिनी, बसा तर. चहा सांगतो," प्रतापराव म्हणाले.

"कुंकू लावायला बोलावलेल्या बायकांच्या सह्या तुम्ही कोर्टात विकल्या."

"मी काय प्रत्येक कागद वाचतो का? पोरांनी दिला असेल. आणि एवढं काय त्यात? एकनाथरावांची मला काळजी नाही का? उद्यापासून दारात ऑटो लावून देतो. नेईल, आणील."

"त्या ऑटोवरही तुमचा फोटो असेल ना?" बाई म्हणाल्या. "ते आठ वर्षं एकटे जातात. तुम्ही त्यांचं पार्सल करायला निघालात."

प्रतापराव हसले आणि फोन घेतल्यासारखं करून आत गेले. असल्या माणसांना फोन अगदी वेळेवर येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी निशिगंधा यादी घेऊन घरी आली. दोघी एकेक नाव तपासायला बसल्या. हळदीकुंकवाला दारात आलेल्या बाईला परत पाठवत नाहीत, हे खात्याच्या साहेबांना कुठून ठाऊक असणार. यादीत स्नेहा होती, पुण्याहून नोकरीसाठी आलेली, गच्चीबावलीत राहणारी, जी या बसची पायरी कधी चढली नव्हती. कुकटपल्लीच्या मावशी-भाच्या होत्या. लग्नाच्या खरेदीला निजामाबादहून आलेलं एक अख्खं कुटुंब होतं. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या महिला कॉन्स्टेबललाही बाईंनी कुंकू लावून डबा दिला होता आणि शिस्तीप्रमाणे सही घेतली होती. त्रेसष्टांतल्या सत्तावीस बाहेरच्या निघाल्या.

स्वतःला सोडून उरलेल्या पस्तीसजणींकडे चतुराबाई घरोघर गेल्या. एकीचा नवरा कोर्टाला नको म्हणत होता. एकीच्या मुलाचं काम प्रतापरावांकडे अडलं होतं. एकीनं फक्त विचारलं, "डबा परत द्यावा लागेल का?" शेवटी चौदाजणी प्रतिज्ञापत्राला तयार झाल्या.

"चांगलं आहे, पण पुरणार नाही," निशिगंधा म्हणाली. "या चौदाजणींनी एकदा सही केलीय. आज एक म्हणतात, उद्या दुसरं, असं सरकारी वकील म्हणणार. मला अशा बायका हव्यात ज्या याच गल्लीत राहतात, रोज याच थांब्यावरून जातात, आणि ज्यांना कुणी विचारलंच नाही. आहेत का कुणी?"

चतुराबाई बोटांवर मोजू लागल्या. रोज संध्याकाळच्या बसनं मुलीकडे जाणाऱ्या कुसुमताई. स्वतः अंजम्मा. कोठीच्या दवाखान्यात आयाचं काम करणारी. पापडवाली. अकरा नावं झाली. अकराही विधवा होत्या. त्या यादीत नव्हत्या, कारण त्या हळदीकुंकवाला नव्हत्या, आणि नव्हत्या, कारण चतुराबाईंनी त्यांना बावीस वर्षांत एकदाही बोलावलं नव्हतं. कुणी मना केलं होतं असंही नाही. तसंच चालत आलं होतं आणि त्यांनी तसंच चालवलं होतं.

कुसुमताईंचं घर तिसरं. सत्तरीच्या बाई, सरकारी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन पंचवीस वर्षं उलटलेली. त्या अंगणात मेथी निवडत होत्या. चतुराबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डबे, कागद, कोर्टातलं हसणं. कुसुमताईंनी मान वर न करता ऐकून घेतलं.

"तो कागद दाखव की," त्या म्हणाल्या.

चतुराबाईंनी झेरॉक्स पुढे केली. कुसुमताईंनी चष्मा लावून त्या चार ओळी खडाखडा वाचल्या.

"मी तेलुगू शाळेत तीस वर्षं शिकवलं, चतुरा. हे मी तिथल्या तिथं वाचून दाखवलं असतं. एकही सही झाली नसती." त्यांनी कागद परत दिला. "पण मी तिथं नव्हते."

चतुराबाईंचा प्रतापरावांवरचा राग एवढे दिवस त्यांना बळ देत होता. आता तो निम्मा स्वतःकडे वळला. त्या तिथंच जमिनीवर बसल्या. फसवणारा फसवून गेला हे खरंच, पण जिनं त्याला पकडलं असतं, तिला दाराबाहेर त्यांनीच ठेवलं होतं.

"माझं चुकलं, ताई."

"चुकलं," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, आणि असू दे, असंही म्हणाल्या नाहीत. मेथी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "एकनाथरावांना रोज सकाळी जाताना ऐकते मी. काठीच्या आवाजावर माझा दुसरा चहा होतो. आण तुझं प्रतिज्ञापत्र."

त्यांनी ते दोनदा वाचलं, एक घर नंबर चुकला होता तो दुरुस्त करायला लावला आणि मगच सही केली. उरलेल्या दहाजणींकडे त्या स्वतः चतुराबाईंबरोबर आल्या. प्रत्येक दारात चतुराबाईंना तेच वाक्य म्हणावं लागलं आणि त्यांनी ते म्हटलं. अंजम्माला मराठी येत नाही, तिला तेलुगूत म्हटलं.

पुढच्या तारखेला बारा बायका बसनं, याच थांब्यावरून, मुसी नदीपलीकडे कोर्टात गेल्या. निशिगंधानं प्रतिज्ञापत्रं वाचली, मग यादीतली बेचाळिसावी सही दाखवली. "ही सही बंदोबस्तावरच्या कॉन्स्टेबलची आहे, महाराज. आणि ही गच्चीबावलीच्या पत्त्याची. रहिवासी म्हणून." न्यायमूर्तींनी सरकारी वकिलाकडे पाहिलं. सभा कुठं झाली, अध्यक्ष कोण होतं, असं त्यांनी विचारलं. वकिलानं मुदत मागितली. या वेळी कुणीही हसलं नाही. थांबा आहे तिथंच राहील, नोटीस देऊन उघड सुनावणी घ्या, आणि हा कागद कुणी तयार केला ते शपथेवर सांगा, असा आदेश झाला. एकनाथरावांनी बायकोचा हात दाबला आणि खुशीत, वर्गातल्या मुलांना विचारावं तसं विचारलं, "अकरा गुणिले बारा?" बाई म्हणाल्या, "गप बसा."

चौथ्या दिवशी सकाळी एकनाथराव नेहमीसारखे निघाले. झाकण वाजलं, वीस पावलं उरली, आणि त्यातल्या अठराव्या पावलाला गळ्याशी दोरी अडकून ते कोलमडले. अंजम्मानं आरडाओरडा केला म्हणून चतुराबाई धावत आल्या. नवऱ्याच्या गळ्यावर लाल वळ उठला होता. थांब्याला रातोरात भलंमोठं फ्लेक्स बांधलं होतं आणि त्याची दोरी विजेच्या खांबापर्यंत आडवी ताणली होती. फ्लेक्सवर प्रतापराव हात जोडून हसत होते. मराठीत लिहिलं होतं: आपला बसथांबा वाचवणारे लाडके नेते प्रतापराव यांचे जाहीर आभार. आपले, समस्त महिला मंडळ.

चतुराबाई घरी गेल्या आणि शिवणाची मोठी कात्री घेऊन आल्या. येताना तिसऱ्या दारात थांबल्या. कुसुमताई चष्मा घेऊनच बाहेर पडल्या.

"खाली तेलुगूत काय लिहिलंय, तेवढं वाचा ताई."

कुसुमताईंनी वाचलं. "हेच आभार, आणि खाली आपल्या बायकांची नावं. पहिलं तुझं आहे."

चतुराबाई बाकड्यावर चढल्या. आधी आडवी दोरी कापली, मग चारी कोपरे. फ्लेक्स अंजम्माच्या टोपलीजवळ येऊन पडलं. समोरच्या दुकानाच्या पायरीवरून तोच कार्यकर्ता पळत आला.

"किसकू पूछ के काटे अम्मा? मेरेकू सर को जवाब देना पडता!"

"दे की," चतुराबाई खाली उतरत म्हणाल्या. "नाव लिही. चतुराबाई एकनाथराव. सही पाहिजे तर सही पण देते." त्यांनी हात पुढे केला. "कागद आण. पण तो आधी ताई वाचतील."

बस आली. अंजम्मानं नंबर सांगितला, आणि एकनाथराव उरलेली दोन पावलं चालून एकटेच वर चढले.