द्वारकेसारखी दुसरी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. सुनीतीबाई गेल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या यजमानांच्या, श्रीधररावांच्या हातात होते. आम्ही कसबा पेठेतल्या वाचनालयात होतो. "द्वारकेसारखी दुसरी आणा," असं सुनीतीबाईंनी सकाळीच दवाखान्यातून सांगितलं होतं. पुस्तक माझ्यात पडलं आणि तेवढ्यात शेजारच्या उल्काताई निरोप घेऊन आल्या. ते पुस्तक तसंच घरी आलं.

मला सुनीतीबाईंनीच शिवलं, पडद्याच्या उरलेल्या जाड कापडातून. त्या वर्षी त्यांना एका कादंबरीत द्वारका भेटली होती. ही द्वारका एकटीनं पिठाची गिरणी चालवते आणि कुणाचं ऐकून घेत नाही. ती त्यांना इतकी आवडली, की पुढं जन्मभर त्या तिच्यासारखी बाई पुस्तकांतून शोधत राहिल्या. श्रीधरराव स्वतः कादंबऱ्या वाचत नसत. ते फक्त ने-आण करत.

"धीट हवी. तोंडानं फटकळ, पण मनानं सरळ," ते ग्रंथपाल शरच्चंद्रांना सांगत.

"अहो, हे वाचनालय आहे. वधूवर सूचक मंडळ पलीकडच्या गल्लीत."

सुनीतीबाई पुस्तक पहिल्या पानापासून वाचत नसत. त्यातली बाई कुठं चिडते, ते पान आधी शोधत. "ही रागावते आणि लगेच रडते. उद्या परत करा," असं म्हणत. मग मी पुन्हा निघायचे. कधी एखादी पसंत पडली, तर म्हणत, "पिशवी पायगुणाची हो." माझं कौतुक ते एवढंच. मला ते पुरायचं.

त्या गेल्यावर मी खिळ्याला लटकून राहिले. धूळ बसली, एक बंद उसवला. पुस्तकाची मुदत उलटली, तसे शरच्चंद्र घरी आले.

"वर्गणी बंद करू का? आपण काही वाचत नाही."

"आजवर वाचत नव्हतो," श्रीधरराव म्हणाले. "तिनं काम सांगितलंय. ते करायचंय."

त्यांनी माझा बंद स्वतः शिवला. वाकडा, काळ्या दोऱ्यानं, पण घट्ट. मग ते पुस्तक काढलं. रागाचं पान कसं शोधायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं. त्यातली बाई नवऱ्यावर चिडते, कारण तो ओली छत्री पुस्तकांवर ठेवतो. तिथं ते हसले आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

"ही द्वारका नाही," पुस्तक परत देताना ते म्हणाले. "आमच्या घरातल्यासारखी आहे."

"मग राहू द्या की आणखी थोडे दिवस."

"नको. तिनं द्वारकेसारखी मागितली होती. पुढचं द्या."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी पिशवी असेल, तर तिचा बंद वेळेवर शिवा. आणि घरातल्या कुणी पुस्तक मागितलं, तर त्याच दिवशी आणून द्या.

आम्ही अजून दर शनिवारी वाचनालयात जातो. द्वारकेसारखी दुसरी अजून सापडलेली नाही.