बारावं स्टूल

कात्रीनने नवऱ्याच्या पुढ्यात भाकरी आपटली आणि एकदाचं सांगून टाकलं, "औंदा तू जुदास व्हायचा न्हाय. झालास तर या घरात पाऊल टाकू नको. तिकडंच खाडीत ऱ्हा, चिखलातल्या निवट्या मासळीच्या संगतीत."

इनासने भाकरी उचलली, तिला चिकटलेली राख फुंकली आणि शांतपणे विचारलं, "मग कोण होईल?"

"कोण बी होऊ दे! गावातले बापये मेले काय सगळे?"

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या डोंगराखाली ही किरिस्तांवांची पाखाडी. जंगल सत्याग्रहात चिरनेरला गोळीबार झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. पाखाडीत घरोघर जुनी फिरंगी बोली चालायची. पण नवऱ्याशी भांडायचं म्हटलं की कात्रीन मराठीवर यायची. त्या फिरंगी बोलीत तिला शिव्या पुरत नसत. आणि या खेपेला तर तिने मनाशी पक्कं केलं होतं की शिव्या काय, वेळ पडली तर लाटणंसुद्धा वापरायचं.

आता हा जुदास काय प्रकार, ते आधी ऐका. ईस्टरच्या आदल्या गुरुवारी दुपारी देवळात वेदीसमोर बारा स्टुलं मांडायची. त्यांवर गावचे बारा बापये बसायचे, येशूचे बारा शिष्य म्हणून. मग पाद्री गुडघे टेकून एकेकाचे पाय धुणार, पुसणार, पायाचा मुका घेणार आणि शेवटी प्रत्येकाच्या हातावर एक पाव ठेवणार. इथवर सगळं ठीक. पाय धुणं साऱ्या मुलखात होत असेल. पण पुढचं होतं ते या पाखाडीचं स्वतःचं. बाराव्या स्टुलावर बसेल तो जुदास, देवाला विकणारा. हातावर पाव पडला की त्याने एक घास तोडायचा आणि तो तोंडात तसाच धरून बाजूच्या दाराने धूम ठोकायची. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत देवळातल्या घंटा मुक्या, म्हणून घंटेऐवजी लाकडी खटखटी वाजवायच्या. त्या खटखटी घेऊन आणि टोपलीभर चिखल, कुजकी वांगी, मासळीची डोकी असलं काय काय घेऊन सारा गाव दाराबाहेर टपलेला असायचा. जुदास पुढे, गाव मागे. त्याने न थांबता खाडी गाठून पाण्यात बुडी मारली की वर्षभर जाळी भरून येणार, असा पक्का समज. हे कुठल्या पोथीत लिहिलंय म्हणून विचारलंत तर पाद्रीसुद्धा डोकं खाजवेल. मागे एका पाद्रीने हे थेर बंद केलं होतं म्हणे. त्या साली जाळ्यात नुसती जेलीमासळी आली, आणि पाद्रीची बदली झाली. जेलीमासळीने केली की गावाने केली, ते विचारू नये.

इनास जुदास झाला तो उशिरा पोचल्यामुळे. आधीचा जुदास वारला त्या वर्षी इनास नारळ पाडायला झाडावर चढलेला, तिथेच गप्पा मारत बसला. देवळात पोचला तेव्हा एकच स्टूल उरलं होतं. बसला बिचारा. तेव्हापासून ते स्टूल त्याच्या नावाचं झालं. आणि खरं दुखणं पुढेच आहे: मेल्याला ते आवडायला लागलं! झाडावर चढून चढून पाय कसे वेताच्या छडीसारखे झालेले. असा पळायचा, मधेच थांबून दात विचकायचा, पुन्हा पळायचा, की चौलचे भंडारी, रेवदंड्याचे मुसलमान आणि बेने इस्रायली, सगळे होड्या करून बघायला येत. गाव पोट धरून हसायचं.

हसून झालं की मात्र तोच गाव सकाळी मासळीला जाताना इनास आडवा आला तर माघारी फिरायचा. लग्नाकार्यात त्याला पुढच्या पंगतीला कोणी बसवत नसे. कात्रीन पाणवठ्यावर गेली की "आली जुदासीण" अशी कुजबुज व्हायची. वर्षानुवर्षं तिने ते गिळलं. पण मागल्या वर्षी अलिबागचं एक चांगलं स्थळ तिच्या लेकीला, फिलूला बघून गेलं आणि निरोप आला, पोर गुणाची आहे पण जुदासाच्या घरची सोयरीक नको. त्या दिवशी कात्रीन चुलीसमोर बसून ढसाढसा रडली होती. आणि आता उरणहून दुसरं स्थळ येत होतं. मुलगा सांतान, मुंबईला गोदीत कामाला, बाप मिंगेल, मिठागरवाला, आई बेर्ताबाय. माणसं नेमकी बुधवारी येणार आणि ईस्टर करूनच जाणार.

तेव्हा कात्रीन पदर खोचून निघाली. पहिली गेली पास्कूकडे. पास्कू म्हणजे गावातली बडी असामी, नारळीच्या तीन वाड्या, पहिल्या स्टुलावरचा कायमचा संत पेद्रू, म्हणजे शिष्यांचा म्होरक्या.

"मी पेद्रू, माझा बाप पेद्रू, त्याचा बाप पेद्रू," पास्कू पोटावरून हात फिरवत म्हणाला. "मला कसं जमंल?"

"पेद्रूने पण तीन वेळा देवाला वळखत न्हाय म्हणून सांगितलं होतं की. तो काय मोठा शहाणा?"

"ते येगळं. तो मागनं रडला."

"मग तुम्ही पण बसा आणि मागनं रडा!"

पास्कूने तिला दार दाखवलं. बाकीच्यांचीही तीच गत. एकाचे गुडघे दुखत होते, एकाची बायको पोटुशी होती. दुमिंग, ज्याचा जन्म होडीत गेला, तो म्हणाला मला पोहता येत नाही. शेवटी ती नव्या पाद्रीबाबांकडे गेली. पाद्रीबाबा गोव्याचे, काडीसारखे, पाखाडीला मनातून टरकून असलेले. ते म्हणाले, "बाई, मी पाय धुवायला आलोय. ते पुढे कुठे पळतात, त्यात मला घालू नका."

मग उरला इनासच. कात्रीनने त्याला सायबिणीच्या, म्हणजे मरियामाउलीच्या तसबिरीपुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. बाराव्या स्टुलावर बसणार नाही, जगबुडी झाली तरी. इनासने शपथ घेतली, पण तोंड असं केलं की जणू घरात सुतक पडलंय.

बुधवारी पाहुणे आले. मिंगेल बोलका गडी, पायरीवर पाय ठेवल्यापासून चिरनेरच्या गोष्टी सांगायला लागला. बेर्ताबाय मात्र मोजकं बोलणारी. बाजारात पापलेट दाबून बघावं तशी ती एकेक वस्तू बघत होती: घर, भांडी, फिलूचे हात. फिलूने मोरी माशाची आंबट कढी केली होती. बेर्ताबायने दोनदा वाढून घेतली आणि काही बोलली नाही. कात्रीनच्या जिवात जीव आला. उद्याचा दिवस तेवढा निभावला की झालं, असं ती रात्रभर घोकत राहिली.

गुरुवारी इनास उभ्या जन्मात पहिल्यांदा वेळेच्या आधी देवळात पोचला. धुतलेला कोट घालून चौथ्या स्टुलावर जाऊन बसला. चौथ्याचा मालक आला, त्याने ते बघितलं आणि पटकन पाचवं धरलं. पाचव्याने सहावं. असं करत करत सगळे एकेक जागा सरकले. शेवटचा आला अंतोन. त्याच्या वाट्याला राहिलं बारावं. अंतोनने स्टुलाकडे पाहिलं, कपाळावर क्रूसाची खूण केली आणि पापं कबूल करायच्या खोपटात शिरून आतून दार लावून घेतलं. एवढी काय पापं होती कोणास ठाऊक, बाहेरच येईना.

देऊळ खच्चून भरलेलं. पाद्रीबाबा हातात तस्त घेऊन उभे आणि बारावं स्टूल रिकामं. बाहेर खटखटी चुळबुळायला लागल्या. पाद्रीबाबा केविलवाणे इकडेतिकडे बघत होते. बघता बघता त्यांची नजर पुढच्या बाकावर बसलेल्या मिंगेलवर पडली. पडली ती सहजच हो! पण मिंगेलला वाटलं, पाहुणा म्हणून आपल्यालाच बोलावतायत. भला माणूस उठला, पायातले जोडे काढून बाजूला ठेवले, आणि हसत हसत बाराव्या स्टुलावर जाऊन बसला.

कात्रीन त्याला थांबवायला बाकावरून अर्धी उठली.

शेजारी बसलेली बेर्ताबाय तिच्याकडे वाकून म्हणाली, "तुमच्या गावात पाहुण्याला मान द्यायची रीत चांगली हाय बगा." आल्यापासून तिने काढलेला हा पहिला गोड शब्द.

पाद्रीबाबांचा चेहरा पडला. पण त्यांनी डोळे मिटून लॅटिन सुरू केलं, बहुतेक आपल्याला काही दिसतच नाही असं दाखवण्यासाठी. पाय धुणं सुरू झालं. कात्रीनने पास्कूला खुणा केल्या, दुमिंगला केल्या, दिसेल त्याला केल्या. उठा रे कोणीतरी, सांगा त्यांना! पण अकराच्या अकरा संत खाली मान घालून आपापले पाय बघत बसलेले, जसे काही आजच फुटलेत. मिंगेल जाडाजुडा, चार पावलं चालला की धापा टाकणारा. दाराबाहेर जमाव आंधळा झालेला असतो, समोर कोण ते बघत नाही. उरणच्या व्याह्याला मासळीची डोकी मारून खाडीत ढकलणार हे लोक! मग कुठली सोयरीक नि कुठलं काय. बेर्ताबायला आत्ताच सांगावं तर काय सांगायचं? की ही जागा एरवी आमच्या ह्यांची असते?

पाद्रीबाबा बाराव्यापाशी आले. मिंगेलचे पाय धुतले, मुका घेतला. मग पाव वाटले गेले. मिंगेलच्या हातावर पाव पडला आणि बाहेर खटखटींनी देऊळ दणाणून सोडलं.

तेव्हा चौथ्या स्टुलावरून इनास उठला.

हातात पाव घेऊन तो मिंगेलपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मिंगेलदादा, उठा. ही जागा माझी हाय."

"असू दे की वो, मी इथं बरा हाय," मिंगेल तोंडात पाव कोंबत म्हणाला.

"न्हाय. ही मी कुणाला देत न्हाय." इनासने त्याला दंडाला धरून उठवलं, नेऊन चौथ्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः बाराव्यावर टेकला. मग त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. कात्रीनला ती नजर ओळखीची होती. घरात काही फोडलं की तो असंच बघायचा. तिने मान हलवली. हो म्हणून हलवली की नको म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. इनासने पावाचा लचका तोडला आणि उडी मारून बाजूच्या दारातून पसार झाला.

बाहेर जो काही हलकल्लोळ उठला! अर्धं देऊळ दाराकडे धावलं. बेर्ताबाय घाबरून उभी राहिली. "आगो बाय, काय झालं? चोर शिरला काय?"

"काय न्हाय, काय न्हाय," पास्कू आपल्या स्टुलावरूनच, संतासारखा हात वर करत म्हणाला. "आमचा जुदास हाय तो. सोडा त्याला."

कात्रीनचं डोकंच फिरलं. ती देवळात आहे, पाद्री समोर आहे, होणारी विहीण शेजारी आहे, सगळं विसरली.

"जुदास न्हाय, माझा नवरा हाय तो! फिलूचा बाप!" ती कडाडली. मग बेर्ताबायकडे वळली. "ऐका बाय, आता लपवून काय उपयोग न्हाय. तुमचे मालक बसले ना, ते स्टूल जुदासाचं. तिथं बसंल त्याला गाव चिखल मारत खाडीत घालतो. माझा नवरा बसतो तिथं, दरसाल. तुमच्यापासून लपवायचं म्हणून मी त्याला शपथ घातली, औंदा बसू नको. आणि तुमचे जाऊन बसले. हे दहा संत बसलेत ना, सगळ्यांना ठाऊक होतं. पाव चघळत बसले मेले! एक उठला न्हाय. उठला तो जुदास उठला. आता सोयरीक मोडायची तर मोडा. पण माझ्या नवऱ्याला हिथून पुढं कोणी हसलं, तर त्याचं स्टूल त्याच्या डोक्यात घालीन. तुम्ही पण, पास्कूशेट!"

पाद्रीबाबा तस्त छातीशी धरून उभे होते. बेर्ताबायने आधी बाराव्या स्टुलाकडे पाहिलं, मग चौथ्यावर पाव हातात धरून थिजलेल्या आपल्या नवऱ्याकडे.

"किती डाव सांगितलं तुला," ती त्याला म्हणाली, "बोलावल्याबिगर कुठं जाऊन बसू नको म्हणून!"

आणि लुगड्याचा ओचा वर खोचून, कात्रीनचं मनगट धरून ती बाजूच्या दाराने बाहेर निघाली. मागोमाग फिलू. तिघी खाडीच्या बांधावर चढल्या. कात्रीनने इतक्या वर्षांत हे कधी बघितलं नव्हतं. दरसाल ती पदरात तोंड लपवून आत बसून राहायची. समोर चिखलातून इनास पळत होता. धुतलेल्या कोटाची रया गेलेली, कानावर मासळीचं डोकं बसलेलं, मागे सारा गाव. या खेपेला तो दात विचकायला थांबत नव्हता. नुसता जीव खाऊन पळत होता. पाणी अजून लांब होतं आणि दुमिंगची पोरं अगदी टाचेवर आली होती.

बेर्ताबायने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पलीकडे रेवदंड्यात ऐकू जावं अशी बोंब ठोकली:

"पळा, व्याही, पळा!"