सुपाचे पंख

मनकर्णाबाईनं शिडी माळ्याला टेकवली, पदर कमरेला खोचला आणि ती तरातरा वर चढली. खाली पाखडायची ज्वारी पडली होती आणि घरातली चारही सुपं सकाळपासून गायब होती. माळ्यावरही सूप नव्हतं. पण सुपांचं राहू द्या, कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवलेल्या महालक्ष्म्यांच्या कोठ्यासुद्धा नव्हत्या. चादर तेवढी नीट घडी घालून ठेवलेली.

"घडी घालून ठेवली, शहान्यानं!" ती एकटीच ओरडली.

शोध घ्यायची वेळच आली नाही. ती खाली उतरते न उतरते तोच कुंपणापलीकडून तानुबाई म्हणाली, "तुमचे किसनराव बैलबंडीत काय काय भरून मिशनाच्या बंगल्यावर गेले, बाई. मडमीचा नाताळ हाये म्हने."

झालं! नवरा घरचा मळा सांभाळून मडमीची बागही पाहायचा, तिथवर ठीक होतं. गुलाबाची कलमं न्या, शेवंती न्या, कोण नको म्हणतं? पण कोठ्या? बांबूच्या कामट्या विणून, वरून शेणमाती लिंपून तिच्या सासूनं केलेली ती लक्ष्म्यांची धडं. भादव्यात त्यांच्यावर मुखवटे चढायचे, लुगडी नेसवली जायची, आणि तीन दिवस घरात दोन माहेरवाशिणी उभ्या असायच्या. त्यांच्या पुढ्यात त्यांची दोन पिल्लं, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यातली मुलगी नटवायचं काम मनकर्णाबाईच्या लेकीचं, जमुनाचं. दुसऱ्या कोणी हात लावला की पोरगी घर डोक्यावर घ्यायची.

आणि ऐन लक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच जमुना तापानं गेली. सणात माणूस गेलं की त्या घरातला सण पडतो. मग त्याच तीन दिवसांत घरात मूल जन्मावं नाहीतर गोठ्यात गाय व्यावी, तेव्हाच तो उठतो. मनकर्णाबाई दर भादव्यात गाईच्या पोटाकडे पाहत बसायची. एकदा गाय व्यायलीही, पण सण उलटून गेल्यावर. त्या दिवशी तिनं गाईला वैरणसुद्धा टाकली नव्हती.

आंबागेट वेशीबाहेरच्या रस्त्यानं ती चालली होती ती पाय आपटतच. कोठ्यांचा राग होताच, पण त्याच्या तळाशी जुना राग खदखदत होता. पोर गेली आणि या माणसाच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. तेरावं झाल्यावर जमुनाच्या कपड्यांचं गाठोडं बांधून तो घराबाहेर घेऊन गेला. कुठं नेलं, कोणाला दिलं, शब्द नाही. त्यानंतर पोरीचं नावही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. दगड बरा, म्हणायची ती मनात.

बंगल्याच्या अंगणात मिशनच्या शाळेतल्या पोरी रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्यातून चांदण्या कापत होत्या. पायऱ्यांवर जिनिंगमधला टाकाऊ कापूस पसरला होता, बर्फ म्हणून. आणि पायऱ्यांच्या दोन बाजूंना माणसापेक्षा उंच दोन देवदूत उभे होते. पेज लावून कडक केलेली जुनी धोतरं अंगावर, वाळल्या भोपळ्याची डोकी, अंबाडीचे केस. पाठीला पंख म्हणून तिची सुपं, आणि धोतरांखाली धड म्हणून तिच्या कोठ्या.

किसनराव शिडीवर चढून एका देवदूताच्या डोक्यामागे पत्र्याचं कडं बांधत होता. तोंडात तार धरलेली.

"कोनाले इचारून आनल्या ह्या?"

त्यानं तोंडातली तार काढली. "मडमीले मोठे देवदूत पाह्यजे होते. घरी पडूनच होत्या, म्हनून..."

"पडून होत्या! माह्या सासूच्या हातच्या कोठ्या पडून होत्या! सण बंद हाये, लक्ष्म्या मेल्या नाई!"

"उंदरानं कुरतडल्या होत्या वं खालून. मी लिपल्या, बांधल्या. आता उभ्या तं राह्यल्या."

"उभ्या करायले तुमाले मिशनच भेटलं?"

"घरी उभ्या करता येत नाई ना," किसनराव म्हणाला आणि पुन्हा तार पिळू लागला.

त्या शांतपणानंच तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"तुमचं काय जाते? तुमच्या काळजाले काही लागतच नाई! लेकरू गेलं तं गाठोडं बांधलं अन् मोकये झाले. आता हेबी देऊन टाका. मलेबी बसवा बंडीत अन् सोडून या कुठं!"

पोरींच्या कात्र्या थांबल्या. मडम व्हरांड्यातून लगबगीनं खाली आली. तिच्याकडे न बघता मनकर्णाबाईनं एका सुपाला हात घातला आणि सुतळी ओढली. सुतळी तुटेना. गाठ कुठं आहे ते बघायला ती देवदूताच्या मागे गेली.

तिथं तिसरी मूर्ती होती. लहानशी, कमरेएवढी. ती लक्ष्म्यांच्या पिल्लाची कोठी होती, मुलीची.

"ही आम्ही मागितली नव्हती," मडम हळूच म्हणाली. "आम्हाला दोनच हवे होते. ही किसनरावांनी आपल्या मनानं केली. पंख लावू का म्हटलं, तर नको म्हणाले."

छोट्या भोपळ्याला अंबाडीच्या दोन वेण्या होत्या, लाल चिंधीनं बांधलेल्या. अंगात हिरवा परकर. परकराच्या काठाला एक ठिगळ होतं, मनकर्णाबाईच्या जुन्या चोळीचं, तिनंच लावलेलं. जमुना बोराटीत अडकून परकर फाडून आली होती तेव्हाचं. त्या दिवशी तिनं पोरीला धपाटा घातला होता.

वर शिडीवर तारेचा आवाज बंद झाला होता. किसनराव खाली बघत नव्हता. तो ते पत्र्याचं कडं धोतराच्या सोग्यानं पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

मनकर्णाबाई मातीत बसली. तिनं परकराचा नाडा सोडला, घोळ दोन बोटं वर घेतला, निऱ्या सारख्या केल्या आणि नाडा पुन्हा आवळू लागली. गाठ काही केल्या बसेना, बोटं ओली झाली होती.

"कामाची अक्कलच नाई या मान्साले!" ती केवढ्यांदा तरी ओरडली. "एवढा खाली सोडतेत काय परकर? चालताना पाय अडकन ना तिचा!"