नाव फळीच्या खाली

मला दान करून वखारवाल्या शेठना तीन गोष्टी मिळणार होत्या: प्रार्थनाघराच्या समितीत पुढची खुर्ची, पितळी पाटीवर नाव आणि वखारीतली मोकळी जागा. चौथे पुण्य, पण ते काट्यावर चढत नाही, म्हणून शेठ ते हिशेबात धरत नसत.

मित्रांनो, वखारीत जागा अडवणारी ती अडगळ म्हणजे मी. मी एक जुने, पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या मानेवर सोनेरी वेलबुट्टी होती. एका शिंप्याने पोटाला चिमटा काढून मला घेतले. सकाळी तेल, दुपारी फडके, संध्याकाळी झाकण. स्वतःच्या गुडघ्यांची त्याने एवढी काळजी घेतली नाही. त्याची बायको म्हणे, ही सवत परवडली, जेवायला तरी मागत नाही. पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले, दुकानाचे भाडे थकले आणि दुकानाचे मालक असलेल्या शेठनी भाड्यापोटी मला उचलून नेले. सहा वर्षे वखारीत उंदरांनी माझ्या खणात बाळंतपणे केली.

मग प्रार्थनाघरातल्या लोकांनी ठरवले, की आपल्यातल्या कुणाच्याही घरी चूल थंड राहता कामा नये. प्रार्थना सांगणारे आजोबा म्हणाले, धान्य दिले तर आठवडा निघेल, काम दिले तर वर्ष निघेल. मागच्या खोलीत सात बायकांचा शिवणवर्ग सुरू झाला आणि शेठनी वखारीतून मला तिथे दान म्हणून धाडले. त्यांची म्होरकी आक्का. ती पूर्वी घरोघरचे कपडे इस्त्री करी. तिने माझी जळमटे काढली, रॉकेलने सांधे धुतले आणि पट्टा नवा घातला. दवाखान्याचे काम मिळाले: दर आठवड्याला रुग्णांचे साठ झगे. मी पुन्हा धावू लागले.

तेवढ्यात समितीच्या चिटणिसांनी शेठच्या नावाची पाटी आणली, तीही दानपेटीतल्या पैशातून, आणि माझ्या फळीवर सुईच्या डावीकडे बसवली. कापड नेमके तिथूनच सरकते. पण फोटोत तीच जागा छान दिसत होती आणि चिटणिसांनी जन्मात बटण लावले नव्हते. पाटीच्या कोपऱ्यात अडकून बारा झगे फाटले. दवाखान्याने मजुरी कापली आणि बजावले, आता एक जरी फाटका आला तरी काम दुसरीकडे जाईल. सात घरांच्या चुली त्या कोपऱ्यात अडकल्या.

आक्काने पाटी हलवायची परवानगी मागितली. चिटणीस म्हणाले, महिन्यावर वार्षिक समारंभ आहे, शेठ येणार आहेत, तोवर हात लावायचा नाही. वर ऐकवले, "देवाच्या नावानं दिलंय त्यांनी. जरा जाण ठेवा."

"देवाच्या नावानं ना?" आक्का म्हणाली. "मग पाटीवर देवाचं नाव कुठंय, भाऊ?"

आणि तिने माझा खण उघडून पेचकस काढला. शस्त्र मी पुरवले, मित्रांनो, आणि मला त्याची लाज नाही. तिने चारही स्क्रू काढले आणि पाटी फळीच्या खालच्या बाजूला पक्की बसवली.

चिटणिसांनी खोलीला कुलूप घातले. वर्ग बंद.

पुढच्या प्रार्थनेला सातही जणी पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि मांडीवर झगे घेऊन हाताने शिवू लागल्या. कुणी भांडले नाही, कुणी रडले नाही. नुसता दोरा ओढल्याचा आवाज. बंद दाराआड मलाही तो ओळखू आला. आजोबा दोन ओळी म्हणून थांबले.

"चिटणीस, किल्ली द्या," ते म्हणाले. "देव थांबेल. दवाखाना थांबणार नाही."

त्या आठवड्यात साठ झगे गेले. एकही परत आला नाही.

समारंभाला शेठ आले, माझ्याभोवती दोनदा फिरले. नाव कुठे दिसेना. आक्का शांतपणे म्हणाली, "वाका शेठ, खाली आहे."

शेठ वाकले. त्या प्रार्थनाघरात मी त्यांना पहिल्यांदाच वाकताना पाहिले. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरीकडे दगडी बाक दिला. दगडावरचे नाव कुणाच्या आड येत नाही.

मित्रांनो, माझ्या गळ्यात हार घालू नका, तो चाकात अडकतो. मला तेल द्या. आणि कुणाला काही द्याल तेव्हा त्याच्या हाताच्या वाटेत आपले नाव ठेवू नका.

आता हिशेब. माझी किंमत शिंप्याने मोजली. पाटीचे पैसे दानपेटीत टाकणाऱ्यांनी दिले. बारा झग्यांची भरपाई सात बायकांच्या मजुरीतून गेली, ती अजून कुणी परत केलेली नाही. शेठचे नाव तेवढे लागले.