डब्यावर माझा फोटो

मी माश्या मारत नाही, जगवते. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्या चिमुकल्या फळमाश्या. नातेवाइकांचा तो विनोद आता पुरे झाला, म्हणून आधीच सांगून टाकलं. पेशीत साठलेला कचरा मोडायचा आणि त्यातलं कामाचं परत वापरायचं, हे काम काही जनुकं करतात. वय वाढलं की ती मंदावतात. आम्ही प्रयोगशाळेत माशीच्या मेंदूत ती जोमात ठेवली, तर माशी जास्त जगली. माशी! माणूस नव्हे.

रविवारी धायरीला घरी गेले. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चहाचा कप ओठापर्यंत नेता येत नव्हता. अर्धा चहा सदऱ्यावर. त्यांना पार्किन्सन्स आहे, पण गोळ्यांनी हात बरा ताब्यात होता.

"गोळ्या संपल्या का, अण्णा?"

"बंद केल्या, मैत्री," ते खुशीत म्हणाले. "आता हे घेतो. अगं, डबा आण तो."

आईनं बुद्धमूर्तीशेजारचा डबा आणला. आत कसलीशी हिरवट पूड. वर छापलेलं, 'पेशींचा कचरा साफ, म्हातारपण माफ!' आणि त्याखाली पांढऱ्या कोटातली, माश्यांची बाटली हातात धरलेली मी.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. हा फोटो हिंजवडीतला. कॉलेजातल्या अभयची तिथं कंपनी आहे. विज्ञान दिनाला त्यानं मला भाषणाला बोलावलं होतं. तिथल्या तिथं मी त्याला फोन लावला.

"चिल यार, मैत्री," अभय म्हणाला. "सप्लिमेंट आहे ते. औषध नाही, असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय की."

"निर्लज्जा, माझ्या बापाला दिसतात का तुझी बारीक अक्षरं? आणि मी कुठल्या माशीला तुझी पूड चारली होती रे? तीच जनुकं नको तिथं, नको इतकी चालवली तर माशी उलट लवकर मरते, हेही सांगितलं होतं मी त्या भाषणात. ते कुठंय डब्यावर?"

"निगेटिव्ह गोष्ट पॅकवर कोण छापतं?"

"आता वकिलाशीच बोल," म्हणून मी फोन आपटला.

"अण्णा, डॉक्टरांना विचारते. गोळी आजच सुरू करायची."

"का म्हणून?" त्यांचा आवाज चढला. "ती गोळी कोण बनवतं, मला काय ठाऊक? हे माझ्या लेकीनं बनवलंय."

"मी नाही बनवलं, अण्णा. फोटो चोरलाय माझा."

त्यांनी डबा फोटोच्या बाजूनं वळवून घेतला. मला शिकवायला या माणसानं कारखान्यात ओव्हरटाइम केला. त्याच्या अभिमानावरच डल्ला मारला होता मेल्यानं.

"विहारात दाखवला मी सगळ्यांना," ते हळूच म्हणाले. "वंदनेला येतात त्यांना. दशरथनं बीपीची गोळी सोडली."

"मी जाऊन सांगते त्यांना."

"तू नाही. घ्या म्हणून मी सांगितलं, सोडा म्हणूनही मीच सांगणार."

त्यांनी ओला सदरा बदलला. गुंडी लावायला गेले, तर बोटं काजाभोवती नुसतीच फडफडत राहिली. मी पुढे झाले. गुंडी लावून दिली.

"डबा घे बरोबर," अण्णा म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो. पोरगी खरी, डबा खोटा."